स्वार्जित भांडवलाचा सॉफ्टवेअर-व्यवसाय

बाह्य गुंतवणूक न घेता ग्राहकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नावरच जो व्यवसाय वाढतो, त्यास स्वार्जित भांडवलाचा व्यवसाय म्हणता येईल. पुण्यातील ‘क्विक हील’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर प्रथम कॅल्क्युलेटरांची व पुढे संगणकांची दुरुस्ती करीत. दुरुस्तीस येणारे अनेक संगणक व्हायरसने ग्रस्त असत; ते निर्दोष करण्यासाठी धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले. अर्थात गरज कल्पिलेली नव्हती, ती दुकानातच दिसत होती.

सॉफ्टवेअरचा बहुतेक खर्च पहिली प्रत सिद्ध होईपर्यंतचा असतो; पुढील प्रतींस तो नाममात्र पडतो. म्हणून पहिल्या विक्रीपूर्वीचा काळ सर्वांत बिकट. दुरुस्तीच्या मिळकतीने तो निभावला. पुढे २०१० साली सिकोया कॅपिटलने सुमारे ६० कोटी रुपये गुंतविले आणि २०१६ साली कंपनीचे भाग शेअरबाजारात आले.

या मार्गाने वाढ मंद होते, हे खरे. चुकीस क्षमाही थोडीच. परंतु बाहेरचे भांडवल येते तेव्हा ते कल्पनेस नव्हे, सिद्ध झालेल्या व्यवसायास मिळते, आणि अटी ठरविताना संस्थापकाचा शब्द दुबळा राहत नाही.