धक्का पुरेसा नाही, फौज हवी

एप्रिल 2024 मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना अकराव्याच चालीला उंटाने एच-3 वरचं प्यादं मारलं. किल्लेकोट करून निर्धास्त बसलेल्या हिकारू नाकामुराच्या राजापुढे त्याने आपला उंट देऊ केला होता. 29 चालींत डाव संपला आणि नाकामुराची 47 डावांची अपराजित मालिका तुटली. गंमत म्हणजे डावाची सुरुवात बर्लिन बचावाने झाली होती, आणि हा बचाव बरोबरीसाठी प्रसिद्ध आहे. म्हणजे हल्ला ओपनिंगच्या नावात नसतो. मोहरी वेळेवर बाहेर आली असतील आणि समोरच्या राजाकडे रोखलेली असतील, तरच बलिदान पचतं.

याची उलट बाजू नाकामुरानेच 2005 मध्ये दाखवली. चेन्नईच्या कृष्णन शशिकिरणविरुद्ध त्याने दुसऱ्याच चालीला वजीर एच-5 वर आणला. सोलापूरच्या शालेय स्पर्धांत उतरणारी मुलंही चार चालींत मात करण्याच्या आशेने हाच वजीर पुढे काढतात. पण एकटा वजीर म्हणजे हल्ला नव्हे. घोडा बाहेर येता येताच त्याला हुसकावतो, एकाची चाल वाया जाते आणि दुसऱ्याचं मोहरं फुकटात मार्गी लागतं. तो डाव शशिकिरणने जिंकला.

यावर कुणी म्हणेल, संगणक प्रत्येक चमत्कारिक ओपनिंगचं उत्तर देतो, मग अशी ओपनिंग खेळण्याचा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर 1848 च्या कलकत्त्यात सापडतं. जॉन कॉक्रेनने महेशचंद्र बॅनर्जींविरुद्ध चौथ्या चालीला घोड्याने एफ-7 वरचं प्यादं मारलं. घोड्याच्या बदल्यात त्याला दोनच प्यादी मिळाली, पण त्या घोड्याला मारायला बाहेर आलेल्या राजाला पुढे किल्लेकोट करता येईना. दीडशे वर्षांनी, 1999 मध्ये, ग्रँडमास्टर टोपालोवने लिनारेसच्या स्पर्धेत क्रामनिकविरुद्ध हेच बलिदान देऊन बरोबरी साधली. काटेकोर हिशेबात ते कदाचित टिकणार नाही, पण पटावर माणसाला घड्याळ चालू असताना उत्तर शोधावं लागतं. म्हणून मुलांना वेगळी ओपनिंग जरूर खेळू द्यावीत. मात्र प्रत्येक चालीआधी त्यांना विचारावं, या हल्ल्यात तुझी किती मोहरी सामील आहेत?