औषधाचा त्रास कसा सोसावा ?

मूत्राशयाच्या मुखाशीं प्रॉस्टेट नांवाची एक लहान ग्रंथि पुरुषाच्या शरीरांत असते. उतारवयांत तिला कर्करोग जडून तो हाडांपर्यंत पोंचला, म्हणजे त्याचें समूळ उच्चाटन बहुधा होत नाहीं. परंतु त्यास पुष्कळदां कांहीं वर्षें आवरून धरतां येतें. पुरुषी संप्रेरकावर हा रोग पोसतो व तें तोडलें कीं तो ओसरतो, हें शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स व डॉ. हॉजेस यांनीं १९४१ सालीं दाखविलें. त्याच वर्षीं परळचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. हगिन्स यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या काळीं यासाठीं वृषण काढीत. आज महिन्यानें, तीन महिन्यांनीं किंवा सहा महिन्यांनीं घ्यावयाच्या इंजेक्शनानेंही तेंच कार्य साधतें.

परंतु हें संप्रेरक केवळ कामवासनेचें मूळ नव्हे. हाडें, स्नायु, रक्त व मन या सर्वांस त्याचा आधार असतो. घराचा एक वासा काढला कीं सारें छप्पर थोडें थोडें हलावें, तसें येथें होतें.

पहिला त्रास उष्णतेच्या लाटांचा. एकाएकीं चेहरा तापतो, अंगास घाम सुटतो, रात्रीं झोंप मोडते आणि कांहीं मिनिटांत सर्व शमतें. आपल्या किनाऱ्यावरील वैशाखांत तर हें अधिकच जाचतें. सुती सैल कपडे वापरावे. कढत चहा, तिखट व मद्य यांनीं लाट उठते असें आढळल्यास तीं वर्ज्य करावीं. एवढ्यानें न भागल्यास डॉक्टरांपाशीं यावर गोळ्या आहेत.

दुसरा त्रास मुका, पण अधिक घातक. हाडें विरळ होत जातात आणि तें हाड मोडेपर्यंत कळत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत जांभ्या दगडाच्या पाखाड्या पावसाळ्यांत शेवाळानें निसरड्या होतात. तेथें घसरणें म्हणजे खुब्याचें हाड गमावणें. म्हणून अंगणांतील व न्हाणीतील शेवाळ घासून काढावें, हातीं काठी घ्यावी, रात्रीं दिवा ठेवावा. आहारांत नाचणी असावी. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तारलीसारखी बारीक मासळी मऊ शिजवून कांट्यांसह खावी. ड जीवनसत्त्व व हाडांचीं औषधें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावीं. त्यांतील कांहीं औषधांपूर्वीं दांत तपासून घेणें अवश्य असतें.

स्नायु झडतात, पोट सुटतें, थकवा येतो, रक्तांतील साखर वाढूं शकते. यावर विश्रांति हा उपाय नव्हे. रोज चालावें व बेताचें वजन उचलण्याचा व्यायाम करावा. थकव्यावर व्यायामाइतका गुणकारी उपाय क्वचितच. मात्र रोग मणक्यांत असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. पाठ दुखूं लागून पायांतील शक्ति गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

शेवटचा त्रास सांगावयास संकोच वाटतो, म्हणूनच तो सांगितला पाहिजे. वासना मावळते, छाती किंचित् वाढते, मन खिन्न होतें, डोळ्यांत उगीच पाणी येतें. "आपण पुरुष उरलों नाहीं" असें वाटून कित्येक जण पत्नीपासून दूर निजतात, बोलणें टाळतात. तिला कारण ठाऊक नसतें, म्हणून ती स्वतःसच दोष देत बसते. तिला एकदां स्पष्ट सांगावें, शक्य तर डॉक्टरांकडे बरोबर न्यावें. हें औषधाचें कार्य आहे, स्वभावाचा ऱ्हास नव्हे. घरचा कर्तेपणा, आपला शब्द, नातवंडांची माया, यांतील कांहींच इंजेक्शनानें जात नाहीं.

आणि लाजेपायीं इंजेक्शन मात्र परस्पर चुकवूं नये. कांहीं रोग्यांस मध्यें विसांवा देतां येतो, पण तो डॉक्टरांनीं रक्त तपासून ठरवावयाचा असतो. त्रास सांगितला तर त्यावर तोड निघते. लपविला तर त्रासही वाढतो आणि रोगही.