चेटकिणीच्या मैत्रिणी

रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातील चेटकीण मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांच्या ओळखीची आहे. तिला घाबरायचे आणि तिची फजिती झाली की हसायचे, एवढाच आपला तिच्याशी संबंध. इंग्रजी वाचकांमध्ये मात्र अलीकडच्या काळात एक वेगळीच चेटकीण लोकप्रिय झाली आहे. ती लहानशा गावात राहते, औषधी वनस्पती वाळवते, बेकरी किंवा पुस्तकांचे दुकान चालवते आणि मोडलेला संसार मागे टाकून नव्याने उभी राहते. तिच्या मदतीला राजपुत्र येत नाही, मैत्रिणी येतात.

या कादंबऱ्यांना ‘कोझी’, अर्थात ऊबदार, असे म्हटले जाते. दुकान चालेल का, शेजारी आपले म्हणतील का, एवढ्याच प्रश्नांवर त्यांचे कथानक उभे असते. भारतात वाढलेल्या व इंग्लंडमध्ये राहणाऱ्या संगू मंदाना यांची ‘द व्हेरी सीक्रेट सोसायटी ऑफ इर्रेग्युलर विचेस’ (२०२२) ही त्यांतील एक गाजलेली कादंबरी.

या प्रवाहाचे मूळ मात्र जुने आहे. सिल्व्हिया टाउन्सेंड वॉर्नर यांची ‘लॉली विलोज’ ही कादंबरी १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये भावाच्या घरी वर्षानुवर्षे आश्रित म्हणून राबणारी अविवाहित लॉरा चाळिशी उलटल्यावर एका खेड्यात स्वतंत्र बिऱ्हाड थाटते आणि चेटकीण होते. जादू हे निमित्त. आपले आयुष्य आपल्या हाती असावे, ही तिची खरी मागणी.

हीच गोष्ट जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यात घडते, असे उदाहरणादाखल कल्पून पाहावे. नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई, दाराशी तुळस आणि अडुळसा, खोकणाऱ्याला काढा करून देण्याची हौस. इंग्रजी कादंबरीत ती नायिका ठरेल. मराठवाड्यात मात्र करणी, भानामती हे शब्द केवळ गोष्टींतले नाहीत. जनावर दगावले, मूल आजारी पडले की संशयाचे बोट एकट्या बाईकडे वळते, असे महाराष्ट्रात अनेकदा घडले आहे. सातपुड्याच्या नंदुरबार भागात ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांचा छळ झाला. विधवा, टाकलेली, मूलबाळ नसलेली स्त्री या आरोपाला आधी बळी पडते. कित्येकदा आरोपामागे तिच्या वाट्याची जमीन असते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला, त्याचा अध्यादेश २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यानंतर निघाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्राने जनावरांचे दूध आटवते, असे सांगून तिचे जगणे असह्य करणे हा आता दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

परंतु कायद्याचा उपयोग व्हायचा तर गुन्ह्याची खबर ठाण्यात पोहोचली पाहिजे. साऱ्या गावाचा रोष पत्करून एकटी बाई पोलीस ठाण्याची पायरी कशी चढणार? कादंबरीतील मैत्रीचे मोल येथे कळते. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि नंतरचे ‘उमेद’ अभियान यांनी गावोगावी बचत गट उभे केले. साधारण १० ते २० जणी दरमहा ठरावीक रक्कम जमवतात, एकमेकींना कर्ज देतात. हिशेबाची वही जिच्या हाती आहे, जिच्या सहीने शेजारणीला शिलाई यंत्रासाठी पैसे मिळाले, तिला करणीवाली म्हणणे तितकेसे सोपे राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एकट्या बाईकडे पाहण्याची गावाची नजर बदलू शकते, हे त्यातून दिसले.

मराठीत अशी कादंबरी कोणी लिहिलीच, तर तिला ऊब आणण्यासाठी मंत्रांची गरज भासू नये. चार बायका आपली कामे टाकून पाचवीसोबत ठाण्यात जातात, एवढा प्रसंगही पुरेसा आहे.