विंचवाच्या उताऱ्याचा खर्च कोणी करायचा?



रब्बीत तुमच्यापैकी अनेकजण मालदांडी ज्वारी पेरतात. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडपद्धतीने तो वाण तयार झाला. कोणताही वाण तुमच्या हाती पडण्यापूर्वी त्याच्या अनेक चाचण्या होतात. शेजारीच जुन्या वाणाचे वाफे ठेवतात, दोन्हींना सारखेच खत-पाणी देतात, मळणीनंतर वजन करतात आणि मगच शिफारस होते. या कामाला पैसा लागतो आणि वर्षेही लागतात. त्याबद्दल आपण कुरकुर करीत नाही, कारण त्याचे फळ खळ्यावर दिसते.

माणसाच्या आजाराबाबत मात्र आपला विचार एवढा लांब जात नाही. गावाला दवाखाना हवा, डॉक्टर हवा, औषध हवे, इतके आपण म्हणतो. पण कोणते औषध, किती आणि केव्हा द्यायचे, हे आधी कोणीतरी शोधून काढलेले असावे लागते. मी शेती खात्यातला माणूस आहे, डॉक्टर नव्हे. पण संशोधन बांधापर्यंत पोचविण्यात माझी नोकरी गेली, म्हणून हा विषय तुमच्यापुढे मांडतो.

महाडचा लाल विंचू

कोकणातला लाल विंचू आकाराने लहान असतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर वाटला, तरी त्याच्यापेक्षा हा लहानगा जास्त घातक. भात कापताना, पेंढा उचलताना, लाकूडफाटा ओढताना तो डंख मारतो. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते मूळचे जालना जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातले. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि लहान मुले आपल्यासमोर दगावताना त्यांनी पाहिली. त्या काळी विष हृदयापर्यंत भिनलेल्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे ३० ते ४० वाचत नसत.

डॉक्टरांनी काय केले? ते रुग्णाच्या खाटेशी बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, श्वास यांची तासातासाची नोंद त्यांनी ठेवली. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मृत्यू कशाने येतो, हे त्यांतून उलगडत गेले. पाइपलाइनचा व्हॉल्व्ह आवळून मोटर चालू ठेवली तर काय होते, ते तुम्ही जाणता. दाब वाढतो, सांधे सुटू लागतात, पंप तापतो. विंचवाच्या विषाने अंगातल्या रक्तवाहिन्या तशाच आवळतात. हृदय जोर लावून थकते, फुप्फुसांत पाणी साठते आणि माणूस गुदमरतो.

मग आवळलेला व्हॉल्व्ह सैल करणारे औषध शोधायचे. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी बाजारात आधीपासूनच होती. ती विंचूदंशावर लागू पडते, हे बावस्करांनी दाखवून दिले. त्याविषयीचा त्यांचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. वेळेवर गोळी मिळू लागली आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले. पुढे विंचूदंशाची प्रतिविष लसही तयार झाली. गोळीबरोबर ती दिली तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ साली पद्धतशीर चाचणी करून प्रसिद्ध केले. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आता यातला पैशाचा भाग पाहा. प्राझोसिन ही जुनी आणि स्वस्त गोळी. विंचू चावतो तो भाताच्या खाचरात राबणाऱ्याला. अशा औषधाची चाचणी करून कोणत्या कंपनीला नफा होणार? म्हणून असा प्रश्न बाजार हाती घेत नाही. तो एका ग्रामीण डॉक्टरने मोठी प्रयोगशाळा पाठीशी नसताना सोडविला. हे त्यांचे मोठेपण खरेच. पण दरवेळी असा माणूस लाभेल, या भरवशावर गावाने राहावे काय?

३९ गावे आणि ४७ गावे

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. प्रश्न असा होता की, नवजात बाळे घरातच जन्मत आणि घरातच दगावत. दवाखाना लांब, वाट जंगलातून, आणि बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढायचे नाही अशी रीत. मग उपचारच घरी नेला तर?

हे नुसते म्हणून भागत नाही. वाणाची चाचणी घेतात तशीच रीत येथेही वापरली. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शन देणे, एवढे त्या शिकल्या. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. दोन्हीकडच्या जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद झाली. तिसऱ्या वर्षी आरोग्यदूतांच्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा शेकडा ६२ ने घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

२०११ पासून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा कार्यक्रम देशभर आशाताईंमार्फत सुरू झाला. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई तुमच्या घरी येते, तराजू काढते, बाळाचे वजन करते. त्या भेटींमागे गडचिरोलीच्या संशोधनाचा मोठा आधार आहे. त्या संशोधनाला अमेरिकेतील फोर्ड व मॅकआर्थर या प्रतिष्ठानांनी अर्थसाहाय्य दिले होते. बाळे आपली, प्रश्न आपला, आणि पैसा साता समुद्रापलीकडून आला! देणाऱ्यांचे आभारच मानायचे. पण परक्याच्या विहिरीवर किती दिवस भिजवण करणार?

साप चावतो कोणाला?

तिसरा प्रश्न अजून सुटायचा आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांत झाले आणि सुमारे निम्मे पावसाळ्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरविले.

आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावर चालते. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तातून ती तयार करतात. लशीसाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा सापपकड्यांच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष मुलखागणिक बदलते, असे संशोधनात दिसून आले आहे. त्यामुळे तिकडच्या विषावरची लस सगळीकडे सारखीच लागू पडत नाही. एका मुलखातला वाण दुसऱ्या मुलखात तसाच येत नाही, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. प्रत्येक मुलखातले विष तपासून लस सुधारणे हे खर्चाचे काम आहे, आणि ज्याला साप चावतो त्याच्या खिशात ती किंमत नसते.

पैसा कोठून यावा?

पहिली जबाबदारी सरकारची. १९११ साली सुरू झालेली संशोधन निधी संस्थाच १९४९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद म्हणून ओळखली जाते. हा पैसा आपल्या करांतून येतो. म्हणून त्यातला पुरेसा वाटा खेड्यातल्या आजारांना मिळावा, हे मागणे भिकेचे नाही, हक्काचे आहे.

दुसरी वाट आपल्या सहकाराने दाखविलेली आहे. १९७५ साली ऊस उत्पादकांनी आणि त्यांच्या साखर कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरीला स्वतःची संशोधन संस्था उभारली. आज तिला आपण वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतो. कारखाने गाळपाच्या टनामागे तिला वर्गणी देतात. उसासाठी हे जमते, तर ऊसतोड्याच्या आणि दूध घालणाऱ्या बाईच्या आरोग्यासाठी कारखान्यांनी, दूध संघांनी थोडी रक्कम का बाजूला काढू नये? जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला ती देताना अट एकच घालावी: प्रश्न आमच्या भागातला हवा आणि निष्कर्ष आम्हाला मराठीत सांगायला हवा.

घराघरातून काय व्हावे?

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा आणि कारण खरे सांगा. साप चावून गेलेला माणूस ‘अचानक वारला’ असे सांगितले, तर तो हिशेबातून गळतो. जे हिशेबात नाही, त्यावर पैसा मंजूर होत नाही.

२. आरोग्याची पाहणी करणारे आले तर खरी उत्तरे द्या. बायाबापड्यांची दुखणी लपवू नका.

३. गावात औषधाचा किंवा उपचाराचा अभ्यास होणार असेल तर विचारा: कशासाठी? पैसा कोणाचा? धोका काय? मधूनच बाहेर पडता येईल का? निष्कर्ष आम्हाला कळेल का? समाधान झाल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.

४. शोध लागला तरी औषध वेळेला हाताशी हवे. पेरणी उलटल्यावर आलेले बियाणे काय कामाचे? सर्पदंशाची लस आणि प्राझोसिन आपल्या आरोग्य केंद्रात आहे का, हे मृग लागण्यापूर्वी ग्रामसभेत विचारा.

५. साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो अवयव हलू न देता रुग्णाला तडक दवाखान्यात न्या. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर घटकाभरही थांबू नका. गोळी मात्र डॉक्टरांनीच द्यायची.

बंधू-भगिनींनो, बियाण्यासाठी राखून ठेवलेली पायली अडचणीतही कोणी दळायला काढीत नाही. आरोग्याच्या संशोधनाचा पैसा हा तसाच बियाण्याचा दाणा आहे. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा रस्ता आणि दिवाबत्तीबरोबर हा विषयही मांडा. आपल्या गावाला कोणत्या दुखण्याने छळले आहे, आणि त्यावर कोण शोध घेत आहे, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत तो विचारीत राहा.