आभारप्रदर्शनाच्या आधी

यवतमाळ–दारव्हा रस्त्यावरच्या बोरी अरबसारख्या गावापर्यंत विद्यापीठ पोहोचते ते मुख्यतः दोन वाटांनी. एक वाट गुणपत्रिकेवरच्या शिक्क्याची, दुसरी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची. सात दिवसांच्या या शिबिराचा क्रम ठरलेला असतो: सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. बौद्धिकाला लोकशाही, संविधान, ग्रामविकास असे विषय असतात. दीपप्रज्वलन, सत्कार, पाहुण्यांचा परिचय, प्रास्ताविक यथासांग होते आणि वक्ता बोलायला उभा राहतो तेव्हा घड्याळ बरेच पुढे सरकलेले असते. मग सूत्रसंचालक ‘वेळेअभावी’ प्रश्नोत्तरे वगळून थेट आभारप्रदर्शनाकडे वळतो. माझे म्हणणे एवढेच की राजकारण आणि समाज यांवरच्या व्याख्यानाचा खरा गाभा याच वगळलेल्या वेळात असतो. तो वेळ परत मिळवला, तर गावातल्या सार्वजनिक व्याख्यानाला अर्थ आहे.

विद्यापीठाने आपली भिंत ओलांडून लोकांत जावे, ही कल्पना जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ साली गावोगावच्या व्याख्यानांची रीतसर योजना सुरू केली. तिच्यामागे जेम्स स्टुअर्ट हे प्राध्यापक होते. त्याआधी रॉचडेल या गिरणगावात, सहकारी चळवळीचा पाया घालणाऱ्या कामगारांच्या सभागृहात ते बोलायला जात. एकदा व्याख्यानानंतर आकृत्यांचे तक्ते भिंतीवर तसेच राहिले. कामगार त्यांच्यापुढे उभे राहून आपसांत चर्चा करू लागले. पुढच्या खेपेला जरा लवकर या, आम्हाला विचारायचे आहे, असा निरोप स्टुअर्टना मिळाला. व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग घेण्याची पद्धत त्यातूनच रुजली. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षण मंडळे काढली आणि पुणे विद्यापीठाने आपल्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाने जयकर व्याख्यानमाला गावोगावी नेली. अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे काम आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली धोरण म्हणूनच मांडले. म्हणजे गावात व्याख्यान देणे ही विद्यापीठाची मेहेरबानी नव्हे, ते त्याचे कामच आहे.

बोरी अरब ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते, त्याच्यावर तर ही जबाबदारी नावानेच पडली आहे. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांचे हे विद्यापीठ संत गाडगेबाबांचे नाव लावते. बाबांचे कीर्तन हा या मुलखाने पाहिलेला सर्वांत मोठा सार्वजनिक वर्ग होता. त्यांची रीत साधी होती. ते श्रोत्यांना कर्जाबद्दल, दारूबद्दल, देवापुढच्या बकऱ्याबद्दल विचारत, श्रोते उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. त्या गर्दीत नुसते ऐकून घरी जाण्याची सोय नव्हती.

प्रश्न विचारण्याची ही सवय पुढे कामाला येते ती ग्रामसभेत. कायद्याने ग्रामसभेला गणपूर्तीसाठी पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. त्यांत बसून बोलायचे कसे, हे मात्र कुठे शिकवले जात नाही. इथे व्याख्यानाची कार्यशाळा करता येईल. पंधराव्या वित्त आयोगाचा साठ टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, उरलेला चाळीस टक्के अबंधित. आपल्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च समोर पसरून राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने एवढेच विचारावे: यातली नाली कोणत्या रकमेतून झाली? मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज तिथल्या तिथे लिहून घ्यावा. संघराज्य, करवाटप, उत्तरदायित्व हे जड शब्द त्या नालीपाशी आपोआप समजतात.

यावर पहिला आक्षेप येतो की गावात राजकारण काढले की पक्ष येतात आणि भांडणे पेटतात. ही भीती खोटी नाही. पण राजकारण टाळल्याने व्यासपीठ निर्मळ राहत नाही, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. वादाच्या धास्तीने उद्घाटक नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले आणि त्यामुळेच राज्यभर मोठा वाद झाला. अखेर उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. पतीच्या आत्महत्येनंतर घर सावरणारी ही शेतकरी स्त्री बोलली, तेव्हा शेती आणि विधवांचे जगणे हे राजकीय प्रश्न मंडपात आलेच. पक्षीय प्रचारावर उतारा हवा असेल, तर वक्त्याला त्याच्या विधानाचा पुरावा मागण्याची मुभा श्रोत्याला द्यावी. प्रचारसभेत नेमकी तीच नसते.

दुसरा आक्षेप असा की भाषणे आता मोबाइलवर हवी तेवढी मिळतात, आणि वेचणीच्या हंगामात ऐकायला येणार कोण? मोबाइलवरचा वक्ता आपल्या नालीबद्दल विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, हे पहिल्या भागाचे उत्तर. दुसरा भाग मात्र मान्य करायला हवा. दुपारी दोनला लोक कापसात असतात; त्या वेळचे बौद्धिक विद्यार्थ्यांपुरतेच उरणार. ते रात्री जेवणे आटोपल्यावर पारावर ठेवावे, बायकांना बसता येईल अशा जागी ठेवावे आणि सत्कार दोन मिनिटांत उरकावा. एका व्याख्यानाने गाव बदलत नाही, हेही खरेच. म्हणून अहवालात हारतुऱ्यांच्या छायाचित्रांखाली उपस्थितीचा आकडा लिहितात, तिथे आणखी एक रकाना असावा: किती प्रश्न आले आणि त्यांतले किती पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात उतरले. तो रकाना कोरा राहिला, तर आभार मानायचे ते कशाबद्दल?