धातूस ‘पाणी’ देणें

कळंब्यास ‘पाणी’ म्हटलें कीं, ज्याचें पाणी कोल्हापूर शहरास गेलें तो तलाव प्रथम डोळ्यांपुढें येतो. परंतु लोहाराच्या भात्यापाशीं त्याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. ऊसतोडीचा कोयता लाल तापवून पाण्यांत बुडविला म्हणजे त्यास ‘पाणी’ चढतें. ही विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतानें शस्त्रांची ‘पायना’ क्षार, उदक व तैल अशी त्रिविध सांगितली असून अस्थिछेदनास क्षाराची, मांसछेदनास पाण्याची व शिरावेधास तेलाची योजना केली आहे.

आज या विद्येचें स्मरण होण्याचें कारण असें कीं, अनेक घरांतील वडील मंडळींच्या खुब्यांत आतां टायटॅनियम बसूं लागला आहे. त्यासही असेंच पाणी दिलें तर तो झिजावयाचा नाहीं काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांस सहज पडेल.

हा धातु १७९१ सालीं कॉर्नवॉलच्या काळ्या वाळूंत ग्रेगर यांस आढळला. त्याचें खनिज असलेली काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. त्यांत शेंकडा ६ भाग अॅल्युमिनियम व ४ भाग व्हॅनेडियम मिळविला म्हणजे नेहमींच्या वापरांतील मिश्रधातु होतो. तो वजनानें पोलादाच्या निम्म्याहून थोडाच अधिक, पण बळकट असतो.

पोलाद तापवून एकाएकीं निवविलें असतां त्यांतील कार्बन कोंडला जातो व तें अतिशय कठीण बनतें. टायटॅनियमच्या ठायीं ही सोय नाहीं. वरील मिश्रधातु सुमारें ९५५ अंश सेंटिग्रेडवर तापवून पाण्यांत निवविला व मग ५४० अंशांवर कांहीं तास ठेविला, तर त्याचें बळ वाढतें. झीज मात्र त्या मानानें फारशी कमी होत नाहीं. कारण त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडचें कवच अति पातळ असतें. घासतांच तें फुटतें, आणि उघडा पडलेला धातु समोरच्या पृष्ठास चिकटून ओरबाडला जातो.

म्हणून उपाय अंतरंगापेक्षां त्वचेवर करावा लागतो. हवेंत ६०० ते ७०० अंशांवर कित्येक तास तापविल्यास बाहेर कठीण थर बसतो व त्याखालीं प्राणवायु मुरून धातूही कठीण होतो. नायट्रोजन वायूंत तापविल्यास सोनेरी कवच मिळतें. मात्र उष्णता अति झाली तर थर पापुद्र्यासारखा सुटतो.

मागील शतकांत कांहीं कृत्रिम सांध्यांचा गोळाही टायटॅनियमचाच केला गेला. त्याच्या झिजेची काळी भुकटी भोवतालच्या मांसांत उतरली व कित्येकांवर पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली. आतां हाडांत रुतणारा दांडा टायटॅनियमचा, पण फिरणारा गोळा कोबाल्ट-क्रोमियमचा किंवा सिरॅमिकचा करितात. आमचा लोहारही धारेसच पाणी देतो. मुठीकडील भाग चिवट ठेवितो. तत्त्व एकच.

यास्तव घरांतील वडिलांच्या सांध्याचा प्रसंग आल्यास, ‘टायटॅनियम’ या नांवावरच संतुष्ट न होतां, घासणारा भाग कशाचा आहे, हें शस्त्रवैद्यांस विनयानें अवश्य विचारावें, अशी आमची सूचना आहे.