मुठीतला चेंडू

शाळेची घंटा झाली की मुलगा शाळेचा राहत नाही आणि आई-वडील कामावरून परतेपर्यंत घराचाही होत नाही. मधल्या दोन-तीन तासांत तो कुणाचा असतो? अमेरिकेत हा प्रश्न अनेक वर्षे गांभीर्याने विचारला जातो आहे. तिथल्या पोलिस नोंदींवरून दिसते की, शाळेच्या दिवशी अल्पवयीन मुलांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे शाळा सुटल्यानंतरच्या तासांत, दुपारी तीन-चारच्या सुमारास, सर्वाधिक असतात. आपल्या मोहल्ल्याच्या हिशेबात सांगायचे तर ही साधारण असर ते मगरिबची वेळ.

यावरचा सरळ उपाय म्हणजे शाळा सुटल्यावरही इमारत उघडी ठेवणे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९० च्या दशकात ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स’ या योजनेतून तेच केले. गृहपाठ, खेळ, खाऊ अशी सगळी व्यवस्था झाली. मात्र २००५ मध्ये पूर्ण झालेल्या मूल्यमापनात मुलांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. प्राथमिक वर्गातल्या काही मुलांचे वर्तन तर थोडे बिघडलेले दिसले. मुलांना एका छताखाली बसवणे वेगळे आणि त्यांची तरबियत करणे वेगळे, हा त्यातला धडा.

हा फरक शिकागो शहरात नीट उलगडला. ‘युथ गायडन्स’ ही तिथली जुनी संस्था. तिचे समुपदेशक टोनी डिव्हिटोरियो यांनी २००१ साली ‘बिकमिंग अ मॅन’ हा उपक्रम सुरू केला. गरीब वस्त्यांतली मुले आठवड्यातून एकदा, पंधराच्या आतल्या गटात, गोल करून बसतात. प्रत्येक जण आपला आठवडा कसा गेला ते सांगतो. प्रयोगाच्या पहिल्या वर्षी याच्या जोडीला शाळा सुटल्यावर कुस्ती, ज्युडो, तिरंदाजी असे खेळही शिकवले गेले.

पहिल्या दिवसांतला एक खेळ प्रसिद्ध आहे. दोन-दोन मुलांच्या जोड्या करतात. एकाच्या मुठीत चेंडू देतात आणि दुसऱ्याला सांगतात, ‘तीस सेकंदांत तो मिळव.’ लगेच ओढाताण, ढकलाढकली, पिरगळापिरगळी सुरू होते. वेळ संपल्यावर समुपदेशक विचारतो, ‘चेंडू मागितला का नाही?’ उत्तर येते, ‘त्याने दिलाच नसता. मला भेकड समजला असता.’ मग चेंडूवाल्याला विचारतात. तो बहुधा म्हणतो, ‘दिला असता की. चेंडूच तर आहे!’

सारा उपक्रम या एका प्रसंगात सामावला आहे. ‘मारामारी वाईट’ असा उपदेश इथे कुणी करत नाही. ज्या गल्लीत नमते घेणाऱ्याला रोज लुटले जाते, तिथे अंगावर धावून जाणे मुलाला कधी कधी वाचवतेही. पण तीच सवय वर्गात शिक्षकांपुढे उसळली तर शाळाच सुटते. म्हणून हात उचलण्यापूर्वी क्षणभर थांबायचे, समोर नेमके काय घडते आहे ते पाहायचे, एवढेच शिकवले जाते. रोजेदाराला कुणी डिवचले तर त्याने ‘मी रोज्याने आहे’ एवढेच म्हणावे, या शिकवणीतही तोच थांबण्याचा क्षण आहे.

परिणाम शिकागो विद्यापीठाच्या ‘क्राइम लॅब’ने तपासले. २००९-१० मध्ये १८ शाळांतली सातवी ते दहावीची २,७४० मुले चिठ्ठ्या काढाव्यात तशी दोन गटांत विभागली गेली. उपक्रमात आलेल्या मुलांची हिंसक गुन्ह्यांतली अटक त्या वर्षात जवळपास निम्म्यावर आली आणि शाळेतली गोडीही वाढली. खर्च दर मुलामागे अकराशे डॉलरच्या आसपास. मात्र वर्ष संपून साथ सुटली तेव्हा अटकेतली घट टिकली नाही. शाळेतली प्रगती टिकली. मुलाला एकदा सावरून सोडून देता येत नाही, हेही या आकड्यांनीच सांगितले. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा या मुलांच्या गोलात येऊन बसले आणि आपणही वडिलांविना वाढल्याचे त्यांनी सांगितले. मुलींसाठी त्याच संस्थेने ‘वर्किंग ऑन वुमनहुड’ सुरू केले.

मुंबईतही या दिशेने काम झाले आहे. २००८ साली ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन वुमेन’, ‘कोरो’ आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ हा अभ्यास हाती घेतला. त्यातल्या ३० शाळांत उपक्रम झाला, १५ तुलनेसाठी होत्या. चिडवणे, ढकलणे, बहिणीवर हात उगारणे या ‘चालायचंच’ म्हटल्या जाणाऱ्या गोष्टींवर खेळ, नाटुकली आणि चर्चा झाल्या. स्त्री-पुरुष समानतेविषयी मुलांचे मत बदलल्याचे त्यात दिसले.

बारा-तेरा वर्षांचे वय अवघड. मुलगा लहान म्हणून मांडीवर बसत नाही आणि मोठा म्हणून कुणी त्याचे ऐकत नाही. परीक्षेत मागे पडला की त्याला ट्यूशन लावली जाते. रागाची मात्र ट्यूशन नसते. त्यासाठी फार मोठी इमारत लागत नाही. शाळेचा एक रिकामा वर्ग, चटई, एखादा चेंडू आणि दर आठवड्याला न चुकता येणारा एक समजूतदार माणूस पुरतो. मोहल्ल्यात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजात शिकणारी मुले-मुली आहेत. त्यातली ‘न चुकता’ ही अट तेवढी अवघड आहे आणि तिच्यावरच सारे अवलंबून आहे.